खडूची रेघ

गुरुवारी दुपारी ऑर्विल हॅगनच्या टायरच्या दुकानात
एकही गाडी जॅकवर नव्हती,
पण माणसं नऊ.
कॉफी तिसऱ्यांदा चढवलेली,
रस्त्यापलीकडे कडा वाळू लागलेला मका,
आणि शनिवारी, मोसमाच्या पहिल्याच सामन्याला
स्टॅनविक येणार होतं आमच्या कॉलेजच्या मैदानावर.
गेली दोन वर्षं न हरलेलं स्टॅनविक.

मी गल्ल्यापाशी ऑगस्टची बिलं लावत होते.

'त्यांचा क्वार्टरबॅक डावीकडे पळताना फेकत नाही,'
लायल म्हणाला. त्यानं स्वतः शेवटचा चेंडू फेकला
चाळीस वर्षांपूर्वी, तोही समोरच्याच्या हातात.
'गरजच कुठे पडते त्याला?' पोस्टातला ड्वेन.
'पुढे ती भिंत आहे ना.'
मग सगळे भिंतीवर घसरले.
पाच जण आडवे, आणि सगळ्यात डावा तो टॅकल,
सत्त्याहत्तर नंबरचा.
आडनाव कुणालाच उच्चारता येईना,
म्हणून कुणी धान्याची कोठी म्हणालं, कुणी नुसतंच 'तो'.
सहा फूट सात इंच. तीनशे तीस पौंड.

नुसत्या आकड्यांनी समाधान होईना.
तेव्हा ऑर्विलनं टेप काढला,
स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवर रेघ मारली,
पंक्चर खुणावतो त्याच पिवळ्या खडूनं.
मग ट्रकची तीन टायरं लोळवत आणून
एकावर एक रचली.
'हे वजन. आता ह्याला पाय फुटलेत असं समजा.'

कुणी हसलं नाही.
एकेक जण चौकटीत जाऊन उभा राहिला,
शाळेत डॉक्टर तपासायला येत तेव्हासारखा, टाचा चिकटवून.
ड्वेननं टोपीसकट मोजायला लावलं.
पाळक एमरी म्हणाले, दावीद तरी कुठे उंच होता?
'दावीदाला गोफण चालत होती,' ऑर्विल म्हणाला,
'इथं पंधरा यार्डांचा दंड बसतो.'

मग उपाय निघाले.
वाकून घुसा. पहिल्याच पावलाला गाठा.
दमवा त्याला, शेवटी शेवटी कमरेवर हात जातात त्याचे.
उंटावर बसून शेळ्या हाकायला
आमच्या गावात उंट लागत नाही, टायरही चालतं.

'आपल्याकडून त्याच्यासमोर कोण?'
विचारलं रस्त्याच्या कामावर आलेल्या नव्या माणसानं.
पंखा ऐकू येऊ लागला.
आठ जणांनी आपापल्या कॉफीत पाहिलं.
'टोबिन,' मीच म्हणाले. 'माझा.'
आणि स्टेपलर दाबला.

'चपळ आहे पोरगा,' ड्वेन घाईनं म्हणाला.
'हातही लांब,' लायल.
'बघू. घोडामैदान काही लांब नाही.'

सहा फूट एक. दोनशे अठरा, तेही जेवण झाल्यावर.
उन्हाळाभर रात्री अकराला अंडी उकडली मी,
तो काट्यावर चढला की पंखा बंद करायच्या निमित्तानं
न्हाणीघरापाशी जायचे.
हे त्यांना सांगितलं नाही.
हेही नाही, की तो त्या सत्त्याहत्तरचे जुने सामने बघतो,
आवाज बंद करून, पुन्हा पुन्हा,
आणि एकदा म्हणाला,
'आई, ज्याला पाडतो त्याला हात देऊन उठवतो तो.
प्रत्येक वेळी.
मला ते आवडत नाही.'

सहाला दुकान रिकामं झालं.
ऑर्विल ओलं फडकं घेऊन आला. 'पुसू?'
'राहू दे.'

तो गेल्यावर मी चौकटीत उभी राहिले.
रेघ डोक्यावर दीड फूट, बोटभर कमीच.
हात वर केला. चवड्यांवर झाले.
मधलं बोट लागलं.

घरी फ्रीजच्या मुठीवर पिवळं, अंड्यांच्या खोक्यावर पिवळं.
'हे कसलं गं?' टोबिननं विचारलं.
'दुकानातलं,' म्हटलं.
'किती टाकू, पाच का सहा?'